मुंबई ते लंडन : अंतर किती, वेळ किती ?

परदेशगमन ही आता आमच्या समाजात अपूर्वाईची गोष्ट राहिलेली नाही. ज्या घरातील एखादा मुलगा, मुलगी, जावई किंवा भाचा नोकरीनिमित्त अगर शिक्षणासाठी समुद्रापार गेलेला नाही, असे सुशिक्षित घर आज शोधूनच काढावे लागेल. त्यामुळे 'तो आपल्यापासून किती हो लांब ?' हा प्रश्न घरोघरी, विशेषतः वडील माणसांच्या तोंडून, वारंवार ऐकू येतो. आणि घरातील तरुण मंडळींचे त्यावरील उत्तरही ठरलेले असते : 'लांब कसचा ? विमानाने नऊ तास !' ह्या उत्तराने वडिलांचे समाधान होते व तरुणांची सुटका होते. परंतु ते खरे किती आणि सोयीचे किती, ह्याची फोड सहसा कोणी करीत नाही. ती करावी एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. विषय वरवर पाहता भूगोलाचा आणि त्रैराशिकाचा वाटेल. पण त्याचा शेवट आमच्या माजघरात येऊन होतो, हे वाचकांस पुढे दिसून येईल.

उदाहरणादाखल आम्ही मुंबई आणि लंडन ही दोन शहरे घेतो. ह्यांच्यामधील जाण्यायेण्याचा इतिहास जुना आहे, आणि आमच्या वाचकांपैकी अनेकांची मुलेबाळे त्या वाटेने गेलेली आहेत.

दोरा आणि पृथ्वीचा गोल

कोणत्याही शाळकरी मुलास भिंतीवरील नकाशावर मुंबईपासून लंडनपर्यंत पट्टी ठेवून रेघ ओढावयास सांगावे. जलप्रवासाचे जे नेहमीचे नकाशे असतात त्यांवर ही रेघ अरबी समुद्र ओलांडून इराणी आखाताच्या काठाने जाईल व इराक आणि तुर्कस्थान पार करून इस्तंबूलच्या आसपास युरोपात शिरेल. रेघ सरळ आहे तेव्हा हाच सर्वांत जवळचा रस्ता, असे ते मूल म्हणेल. आणि आम्ही मोठी माणसेही त्यास मान डोलावू.

आता पृथ्वीचा गोल घ्यावा. दोऱ्याचे एक टोक मुंबईवर दाबून धरावे आणि दुसरे लंडनवर नेऊन दोरा घट्ट ताणावा. तो नकाशावरील रेघेच्या बऱ्याच उत्तरेकडून जातो असे आढळेल. मुंबईहून वायव्येस निघून तो सौराष्ट्र व कच्छ ओलांडतो, कराचीच्या जवळून बलुचिस्तानात शिरतो, इराण तिरपा कापीत आर्मेनिया व जॉर्जिया ह्या डोंगराळ देशांवरून काळ्या समुद्रावर येतो, आणि मग युक्रेन, मध्य युरोप, जर्मनी व बेल्जियम ह्यांवरून लंडनला पोचतो. ह्या दोऱ्याची लांबी सुमारे ७,२०० किलोमीटर भरते. पट्टीने काढलेल्या रेघेवरून गेल्यास हेच अंतर सुमारे ७,४०० किलोमीटर होते. म्हणजे जी रेघ सरळ दिसत होती ती दोनशे किलोमीटरांनी लांबची, आणि जी वाकडी दिसते तीच जवळची !

ह्यात चमत्कार काही नाही. मोसंब्याची साल सोलून पाटावर सपाट बसवू गेल्यास ती कोठे तरी फाटते किंवा ताणावी लागते. पृथ्वीची पाठ कागदावर पसरताना नकाशा काढणारासही तसेच करावे लागते, आणि ह्या नकाशांत उत्तरेकडील प्रदेश अधिकाधिक ताणले जातात. गोलावर मात्र ताणलेला दोरा खोटे बोलत नाही. ह्या दोऱ्याच्या वाटेला बृहद्वृत्ताची वाट म्हणतात. गोलाच्या मध्यातून सुरी चालवून त्याचे दोन समान भाग केले असता कापाच्या कडेला जे वर्तुळ मिळते ते बृहद्वृत्त, आणि कोणत्याही दोन ठिकाणांमधील सर्वांत आखूड वाट अशा वर्तुळावरच पडते.

वैमानिक व नाविक हे अंतर किलोमीटरांत न मोजता सागरी मैलांत मोजतात, आणि त्यातही एक सोय आहे. पृथ्वीच्या वर्तुळाचे ३६० अंश, प्रत्येक अंशाच्या साठ कला. ह्यांतील एका कलेएवढे अंतर म्हणजे एक सागरी मैल, म्हणजेच १,८५२ मीटर. मुंबई आणि लंडन ह्यांच्यामध्ये पृथ्वीच्या मध्यापाशी सुमारे पासष्ट अंशांचा कोन होतो. त्यास साठांनी गुणिले की ३,९०० सागरी मैल हा ठोकळ आकडा निघतो. म्हणजे पृथ्वीला पूर्ण प्रदक्षिणा घालण्यास जेवढे चालावे लागेल त्याच्या पाचव्या भागाहून थोडे कमी.

पूर्वीची वाट

हे अंतर काही आज कमी झालेले नाही. आमचे पणजोबा होते तेव्हाही दोरा ७,२०० किलोमीटरांचाच होता. मात्र त्या दोऱ्यावरून जाता येत नव्हते. गलबतांस आफ्रिकेला वळसा घालून जावे लागे. १७ नोव्हेंबर १८६९ रोजी सुएझचा कालवा खुला झाला, आणि मुंबई-लंडन जलमार्ग चार हजारांहून अधिक सागरी मैलांनी आखूड झाला. तरीही आगबोटीने दोन-तीन आठवडे सहज लागत. त्याही पलीकडे ज्यांस जावयाचे होते त्यांची तपश्चर्या तर विचारूच नये. कै. डॉ. आनंदीबाई जोशी वैद्यकाच्या शिक्षणासाठी १८८३ साली ७ एप्रिल रोजी कलकत्त्याहून निघाल्या, त्या न्यूयॉर्कला उतरल्या ४ जूनला. अठ्ठावन्न दिवस ! अठरा वर्षांच्या त्या मुलीने किनारा सोडल्यावर घरच्या माणसांनी तिची खुशाली कळण्यासाठी किती धीर धरला असेल, ह्याची कल्पना दूरध्वनीवर मुलाचा चेहरा रोज पाहणाऱ्या आजच्या आईबापांस येणे कठीण आहे.

हवाई वाट सुरू झाली तीही एकदम नव्हे. ३० मार्च १९२९ रोजी इंपीरियल एअरवेज ह्या ब्रिटिश कंपनीने लंडनच्या क्रॉयडन विमानतळावरून कराचीपर्यंत नियमित टपाल व उतारू नेण्यास आरंभ केला. ह्या प्रवासास सात दिवस लागत. त्यांतही स्वित्झर्लंडमधील बाझेलपासून इटलीतील जेनोव्हापर्यंतचा टप्पा आगगाडीने करावा लागे, आणि पुढे भूमध्य समुद्र ओलांडण्यास पाण्यावर उतरणारे विमान असे. कराची हे त्या वाटेचे हिंदुस्थानातील दार होते. त्या दारापासून मुंबईपर्यंतचा हवाई दुवा जोडला तो जे. आर. डी. टाटा ह्यांनी. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी टपालाच्या पिशव्या घेऊन त्यांनी स्वतः एक लहानसे विमान कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईस जुहूच्या मैदानावर आणिले.

पुढे ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे 'मलबार प्रिन्सेस' हे विमान पस्तीस उतारूंसह मुंबईहून निघाले, आणि कैरो व जिनीव्हा येथे थांबत १० जूनला लंडनला पोचले. १९६० साली ह्याच कंपनीने जेट विमाने ह्या मार्गावर आणिली, आणि प्रवासाचे मोजमाप दिवसांऐवजी तासांत होऊ लागले. आज विमान मध्ये कोठेही न उतरता एका दमात हा पल्ला गाठते. तीन आठवडे, सात दिवस, दोन दिवस आणि आता नऊ-दहा तास, अशी ही उतरती भाजणी आहे. ती पाहून 'जग जवळ आले' असे म्हणण्याचा मोह कोणासही होईल. परंतु नऊ-दहा तासांचा हा आकडा वाटतो तितका स्थिर नाही, आणि त्याची पहिली ओढाताण वारा करतो.

वाऱ्याचे त्रैराशिक

मोठे उतारू विमान स्थिर हवेत ताशी सुमारे ९०० किलोमीटर वेगाने जाते. मग ७,२०० ला ९०० ने भागून आठ तास हे उत्तर काढले की झाले, असे त्रैराशिक सांगते. प्रत्यक्षात लंडनला जाताना साधारणतः साडेनऊ ते दहा तास लागतात, आणि येताना त्याहून तासाभराने कमी. अंतर तेच, विमान तेच. मग जाण्यायेण्यात हा फरक का?

पुष्कळ जण ह्याचे कारण पृथ्वीच्या फिरण्यात शोधतात. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, तेव्हा पश्चिमेस जाणाऱ्या विमानापुढून लंडन पळत नाही काय, असा त्यांचा प्रश्न असतो. धावत्या आगगाडीत बसलेल्या मुलाने चेंडू सरळ वर फेकला तर तो मागच्या बाकावर न पडता त्याच्याच हातात परत येतो, कारण डब्यातील मूल, चेंडू व हवा ही सर्व गाडीच्याच वेगाने चाललेली असतात. पृथ्वीवरील हवाही तशीच पृथ्वीबरोबर फिरत असते, आणि विमान त्या हवेतच पोहते. तेव्हा फिरण्याचा आरोप येथे लागू पडत नाही. खरा कारभार त्या हवेत वाहणाऱ्या वाऱ्याचा आहे.

जमिनीपासून दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे प्रचंड वेगवान वारे आहेत. त्यांस जेट स्ट्रीम अगर झोतवारे म्हणतात. त्यांचा पट्टा शेकडो किलोमीटर रुंद पण जाडीला थोडा असतो. वेग ताशी दीडशे-दोनशे किलोमीटर हा नेहमीचाच, आणि कधी तीनशेच्याही वर जातो. हिवाळ्यात त्यांचा जोर अधिक, आणि त्या ऋतूत त्यांचा एक पट्टा उत्तर हिंदुस्थानावरही येतो. हे वारे पद्धतशीर मोजणारा पहिला शास्त्रज्ञ जपानचा ओइशी वासाबुरो. त्याने विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात त्सुकुबा डोंगराजवळच्या वेधशाळेतून फुगे सोडून हे वारे मोजले. पण आपला अहवाल त्याने एस्पेरांतो ह्या कृत्रिम भाषेत छापल्यामुळे बाहेरच्या जगाचे त्याकडे पुष्कळ दिवस लक्षच गेले नाही.

आता खरे त्रैराशिक मांडू. समोरून ताशी १०० किलोमीटर वारा असेल तर जमिनीच्या हिशेबाने विमानाचा वेग ८०० उरतो, आणि ७,२०० किलोमीटरांस नऊ तास लागतात. परत येताना तोच वारा पाठीशी असला तर वेग १,००० होतो, आणि ७ तास १२ मिनिटांत काम होते. वारा नसता तर जाऊन येऊन सोळा तास लागले असते. वाऱ्यामुळे १६ तास १२ मिनिटे लागले. जाताना वाऱ्याने एक तास घेतला, आणि येताना ४८ मिनिटेच परत दिली. सावकार म्हणावा तर असा ! घरातील मुलांस हे गणित अवश्य घालून पाहावे. वाऱ्याचा वेग वाढविला की ही तूट वाढतच जाते असे त्यांस आपोआप आढळेल. वेळापत्रकातील आकडा ह्याहूनही मोठा असतो, ह्याचे कारण विमान नेमके दोऱ्यावरून जाऊ शकत नाही, आणि जमिनीवर रांगण्याचा व उतरण्यापूर्वी घिरट्या घालण्याचा वेळही त्यात धरलेला असतो.

वाऱ्याचा हा प्रताप एवढा की कधी कधी लांबची वाटच लवकर सरते. दिल्लीहून अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सॅन फ्रान्सिस्कोस जाणारे एअर इंडियाचे विमान २०१५ साली सुरू झाले, तेव्हा ते युरोप व अटलांटिक महासागर ओलांडून सुमारे १३,९०० किलोमीटरांची वाट चाले. ऑक्टोबर २०१६ मध्ये तेच विमान पूर्वेकडून पॅसिफिक महासागरावरून नेण्यात आले. वाट झाली सुमारे १५,३०० किलोमीटर, म्हणजे चौदाशे किलोमीटरांनी लांब. परंतु वारा पाठीशी आल्यामुळे वेळ मात्र सुमारे दोन तासांनी कमी झाला. आणि ९ फेब्रुवारी २०२० च्या सुमारास अटलांटिकवरील वादळाच्या वाऱ्यावर स्वार होऊन ब्रिटिश एअरवेजचे एक विमान न्यूयॉर्कहून लंडनला चार तास छपन्न मिनिटांत पोचले. एरवी त्या वाटेस सहा-साडेसहा तास लागतात. तेव्हा 'किती लांब ?' ह्या प्रश्नास किलोमीटरांत दिलेले उत्तर वेळेच्या बाबतीत किती अपुरे असते, हे उघड आहे.

घड्याळाची फसवणूक

तिकिटावर निघण्याची व पोचण्याची वेळ छापलेली असते, आणि ती वाचून घरात हमखास गोंधळ होतो. समजा, हिवाळ्यात एक विमान मुंबईहून दुपारी एक वाजता निघाले आणि लंडनला सायंकाळी पाच वाजता उतरले. वाचणारा म्हणेल, अवघे चार तास ! परतीचे विमान लंडनहून रात्री नऊला निघाले आणि मुंबईस दुसऱ्या दिवशी सकाळी साडेअकराला आले. वाचणारा घाबरून म्हणेल, साडेचौदा तास !

ह्यातून वाट काढण्याची युक्ती सोपी आहे. निघण्याची वेळ ज्या त्या गावच्या घड्याळाची असते आणि उतरण्याचीही तशीच. हिवाळ्यात लंडनचे घड्याळ आमच्या मागे साडेपाच तास असते. मार्चच्या शेवटच्या रविवारापासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारापर्यंत ते लोक आपली घड्याळे एक तास पुढे करतात, म्हणून त्या काळात हा फरक साडेचार तासांचा होतो. तो फरक ध्यानात नसेल तरीही अडत नाही. जाण्याचे चार आणि येण्याचे साडेचौदा मिळवावे, बेरीज साडेअठरा. तिचे निम्मे सव्वानऊ तास ही सरासरी खरी. एका बाजूस घड्याळाने जे चोरले ते दुसऱ्या बाजूस जमा झालेले असते, त्यामुळे बेरजेत फरक आपोआप उडून जातो.

आकाशातील कुंपणे

वारा निसर्गाचा आहे. त्याविरुद्ध तक्रार कोणाकडे करावयाची? पण ह्या वाटेवर दुसरी एक अडचण आहे, ती माणसांनी निर्माण केलेली आहे. आकाश सर्वांचे, असे आम्ही सहज म्हणतो. कायदा तसे म्हणत नाही. ७ डिसेंबर १९४४ रोजी शिकागो येथे जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्याच्या पहिल्याच कलमाने प्रत्येक राष्ट्राची आपल्या भूमीवरील आकाशावर पूर्ण सत्ता मान्य केली आहे. म्हणजे जमिनीवरील सीमारेषा आकाशातही चढलेल्या आहेत, फक्त त्या दिसत नाहीत.

आता वाचकांनी पृथ्वीच्या गोलावरील तो दोरा पुन्हा आठवावा. कराची, बलुचिस्तान, इराण, काळा समुद्र, युक्रेन ! २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर चाल केली, आणि त्याच दिवशी युक्रेनचे आकाश उतारू विमानांस बंद झाले. पाकिस्तानने आपले आकाश २०१९ च्या फेब्रुवारीत बंद केले होते, ते जुलैच्या मध्यापर्यंत पूर्ववत् झाले नाही. आणि पुढे २४ एप्रिल २०२५ रोजी पुन्हा त्याने भारतीय कंपन्यांच्या विमानांस मज्जाव केला. १३ जून २०२५ रोजी पहाटे इस्राएल व इराण ह्यांच्यात युद्ध पेटले आणि इराणचे आकाश तडकाफडकी बंद झाले. त्या दिवशी सकाळी मुंबईहून लंडनला निघालेले एअर इंडियाचे विमान काही तास उडून परत मुंबईलाच उतरले, आणि लंडनहून मुंबईस येणारे विमान ऑस्ट्रियातील व्हिएन्ना शहरी उतरवावे लागले. त्या विमानातील उतारूंच्या घरच्यांनी त्या दिवशी लंडन आणि मुंबई ह्यांमधील अंतर किती तासांचे मानावे ?

असे कुंपण पडले की विमानास दक्षिणेकडून, अरबस्तानावरून व इजिप्तच्या बाजूने वळसा घ्यावा लागतो, किंवा मध्ये उतरून तेल घ्यावे लागते. मोठे विमान ताशी पाचपासून आठ टनांपर्यंत तेल जाळते, आणि तासभराचे जादा तेल घ्यावयाचे तर ते तेल वाहून नेण्यासाठीही आणखी तेल जळते. म्हणून वळशाने नुसता वेळच वाढत नाही, भाडेही वाढते. १९२९ साली जी कराची लंडनच्या विमानाचे हिंदुस्थानातील दार होती, तिच्याच बाजूचे आकाश आमच्या विमानांस बंद व्हावे, हा काळाचा खेळ खराच !

दारापासून दारापर्यंत

येथवर आम्ही विमानतळापासून विमानतळापर्यंतचाच विचार केला. पण विमानतळावर कोणी राहत नाही. मुलगा लंडनच्या एखाद्या उपनगरात राहतो, आणि आईवडील पुण्यास, नाशिकास, सांगलीस किंवा कोकणातील एखाद्या गावी असतात. तेव्हा खरा हिशेब दोन उंबरठ्यांमधील आहे, आणि तो प्रत्येक घराने एकदा तरी कागदावर मांडून ठेवावा असे आम्हांस मनापासून वाटते.

पुण्याचे उदाहरण घेऊ. लंडनमधील घरापासून विमानतळापर्यंत दीड-दोन तास. परदेशी विमानासाठी तीन तास आधी हजर राहावे लागते. प्रवासाचे नऊ तास. हीथ्रोला विमानांची इतकी दाटी की धावपट्टी मिळेपर्यंत थांबावे लागते. मुंबईच्या विमानतळाच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींस छेदतात, त्यामुळे दोन्ही एका वेळी वापरता येत नाहीत, आणि येथेही आकाशात घिरट्या घालण्याचा प्रसंग येतो. उतरल्यावर पारपत्राची तपासणी व सामान ह्यांत तास-दीड तास. पुढे घाट चढून पुणे गाठण्यास साडेतीन-चार तास. बेरीज झाली एकोणीस-वीस तासांची. ह्यात तिकीट मिळेपर्यंतची वाट धरलेली नाही. दिवसाचे शेवटचे विमान नुकतेच गेले असेल, सुट्टीच्या दिवसांत जागा नसेल, पारपत्र नूतनीकरणासाठी कचेरीत पडलेले असेल, तान्ह्या नातवंडाची कागदपत्रे पुरी झालेली नसतील, तर नऊ तासांचे दोन दिवस होण्यास वेळ लागत नाही.

हे आम्ही इतक्या बारकाईने सांगतो ह्याचे कारण आहे. आमच्या घरांतून एक रीत पडून गेली आहे. वडिलांना बरे वाटेनासे झाले की 'उगाच त्याला तिकडे काळजी नको' म्हणून परदेशी असलेल्या मुलास काही कळवावयाचे नाही. दूरध्वनीवर वडील चार शब्द हसून बोलतात, आई डोळे पुसून पुढे येते, आणि मुलास वाटते की सर्व क्षेम आहे. कळविण्याचा विचार होतो तो रुग्णालयातील डॉक्टरांनी मान हलविल्यावर. त्या घटकेस घरातील कोणी तरी धीर देतो : 'येईल हो, नऊ तासांचा तर प्रश्न !' मग त्या नऊ तासांचे वीस होतात, विसांचे तीस होतात. मुलगा येतो तेव्हा ज्या माणसास भेटावयाचे ते उरलेले नसते. अंत्यविधी त्याच्यासाठी थांबवावा की नाही, ह्यावरून दुःखाच्या भरात भावाभावांत शब्दाला शब्द लागतो, आणि तो सल जन्मभर राहतो. ह्यात दोष वाऱ्याचा नसतो, विमानाचाही नसतो. हिशेब चुकीच्या आकड्यावर बांधलेला असतो, इतकेच.

मायेने लपविलेली गोष्ट पुढे मायेलाच जड जाते. मुलगा कर्ता झाला आहे, परक्या देशात आपल्या पायांवर उभा आहे, तर आपल्या वडिलांची प्रकृती खरोखर कशी आहे हे जाणण्याचा त्याचा अधिकार आम्ही का नाकारावा ? खरे कळल्यावर लगेच यावयाचे की आठ दिवसांनी, हे तो व त्याची बायको मिळून ठरवतील. नोकरीत रजा कशी मिळवावी, मुलांची शाळा कशी सांभाळावी, ह्याचे मार्ग त्यांस आमच्याहून अधिक ठाऊक असतात. आमचे काम वेळेवर व स्पष्ट शब्दांत कळविण्याचे आहे. तद्वत् परदेशी राहणाऱ्यांसही आमचे एक सांगणे आहे. पारपत्रे मुदतीआधी नवी करून घ्यावी, अचानक निघावे लागल्यास भाड्यासाठी काही रक्कम बाजूस ठेवावी, आणि आईवडिलांचे शेजारी व डॉक्टर ह्यांचे दूरध्वनी आपल्यापाशी लिहून ठेवावे. आणि वडील माणसांनी आपल्या पश्चात काय करावे, कोणासाठी किती थांबावे, हे धडधाकट असतानाच सर्वांस एकत्र बसवून सांगून टाकावे. असे बोलणे अशुभ मानण्याची चाल आहे. पण ते न बोलल्याने जे ओढवते ते अधिक अशुभ होय.

दोन विमानतळांमधील ७,२०० किलोमीटर कोणास कमी करता येणार नाहीत. वाऱ्याचा एक तास आणि राजकारणाचे दोन तास ह्यांवरही आमची सत्ता नाही. परंतु ह्या सर्व हिशेबात एक रकमेची नोंद पूर्णपणे आमच्या हाती आहे, आणि ती सर्वांत मोठी असते : आजार कळल्यापासून मुलास खरे सांगेपर्यंत आम्ही जे दिवस घालवितो, ते दिवस. घरातील कोणी आजोबांनी पुन्हा 'किती लांब ?' म्हणून विचारले, तर तरुण मंडळींनी नऊ तासांचे ठराविक उत्तर न देता कागद-पेन्सिल घेऊन त्यांच्याशेजारी बसावे, उंबरठ्यापासून उंबरठ्यापर्यंतचा हिशेब त्यांच्यासमोर मांडावा, आणि बोलावणे केव्हा धाडावयाचे हेही त्याच बैठकीत ठरवून टाकावे.